बाळंतिणीची पेटी

मला दोन भाऊ आहेत, फक्रुद्दीन आणि चांदभाई. दोघांनाही मी कडेवर घेऊन वाढवलं, आणि आज दोघांचंही तोंड बघायची मला इच्छा नाही. एकाचं बघितलं की दुसऱ्याचं आठवतं, इतके ते सारखे आहेत. हे त्यांना सांगितलं तर दोघंही चिडतील, म्हणून मी ते वारंवार सांगते.

राहात्याच्या बाजारपेठेत आमच्या अब्बांचं मसाल्याचं दुकान होतं. इमामभाई अत्तार म्हटलं की आसपासच्या गावांत लहान पोरंही दुकानाकडे बोट दाखवायची. दुकानाच्या मधोमध, जोत्यावर, एक लांबलचक सागवानी पेटी ठेवलेली असे. तिच्यात सिलोनची दालचिनी. काळ्या मसाल्यात घालायची जाड चिनी दालचिनी वेगळी, ती पोत्यात असायची आणि मापानं विकली जायची. पेटीतली साल पातळ, एकात एक गुंडाळलेली, दोन बोटांत धरली की कुडकन मोडणारी. ही विकायची नाही असा अब्बांचा नेम होता. गावात कुणी बाळंत झालं की त्या घरचं माणूस दुकानात यायचं आणि अब्बा पेटी उघडून चार कांड्या फडक्यात बांधून द्यायचे. जात विचारायचे नाहीत आणि पैसेही घ्यायचे नाहीत. बाळंतिणीच्या अंगावरून जास्त जात असेल तर काढा, वारा धरला असेल तर मधातून चाटण, आणि सगळं ठीक असेल तर शिऱ्यात एक चिमूट. गावानं त्या पेटीला नावच दिलं होतं, बाळंतिणीची पेटी. माझी मेहताब झाली तेव्हा मीही तीच दालचिनी प्याले होते.

अब्बा गेले आणि मातीचे हात धुऊन होतात न होतात तोच वाटणी सुरू झाली. तराजूची दांडी फक्रुद्दीननं नेली आणि पारडी चांदभाईनं, त्यामुळे दोघांनाही नवा तराजू घ्यावा लागला. यावरून त्यांच्या अकलेचा अंदाज यावा. बहिणीचा हिस्सा शरियतीत असतो, पण आमच्या घरात नव्हता. "आपा, तू कशाला मागतीस, माहेर तुटंल," असं दोघं म्हणाले. नवरा गेल्यावर मी दुकानामागच्या दोन खोल्यांत राहत होते, त्या खोल्या काढून घेतल्या नाहीत हेच माझ्यावर उपकार. माहेर तुटू नये म्हणून मी गप्प बसले, आणि माहेराच्या मधोमध फळ्यांची भिंत उभी राहिली.

भिंत घातली कानिफनाथ सुताराने. सगळं वाटून झालं आणि पेटीपाशी घोडं अडलं. दोघंही म्हणाले, "पेटी अब्बांची. ती वाटायची न्हाई." ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मला रडू आलं नाही. आपल्याला मिळत नसेल तर त्यालाही मिळू नये, एवढीच ती पितृभक्ती होती. शेवटी पेटी होती तिथंच राहिली, भिंतीतून आडवी, अर्धी या दुकानात आणि अर्धी त्या दुकानात. झाकणाला दोन्ही टोकांना एकेक कुलूप, एकाची किल्ली फक्रुद्दीनकडे, दुसऱ्याची चांदभाईकडे. झाकण वर करता यावं म्हणून पेटीवरच्या भिंतीतल्या फळ्या कानिफनाथने खिळे न मारता नुसत्या खाचेत बसवल्या. दोघांनी मिळून उघडायचं, असं ठरलं. जे दोघं ईदच्या नमाजाला एका रांगेत उभे राहत नव्हते, ते मिळून पेटी उघडणार होते.

मिशनच्या शाळेतले शलमोन मास्तर त्यांच्या बायकोच्या, लिडियाबाईंच्या बाळंतपणात आले. फक्रुद्दीन म्हणाला, "चांद्याला कुलूप काढाया सांगा, मग मी काढतो." मास्तर पलीकडे गेले. चांदभाई म्हणाला, "आदी त्यानं काढू द्या." मास्तर बिचारे भले माणूस, या पायरीवरून त्या पायरीवर हेलपाटे घालत राहिले आणि अखेर सुंठ घेऊन घरी गेले. त्यानंतर लोकांनी येणंच सोडलं. पेटी मात्र दोघंही रोज फडक्यानं पुसायचे. माझे भाऊ पुसण्यात कधी मागे पडले नाहीत.

मग लढाई आली. रंगून पडलं, बोटी यायच्या थांबल्या, आणि दालचिनी अगदी औषधालाही मिळेनाशी झाली. साखर आणि रॉकेलसारखी तीही लोक ओळखीनं मागू लागले. नगरच्या शौकीन लोकांच्या बिर्याणीला मात्र ती कुठून तरी मिळत होती. कुठून, हा प्रश्न माझ्या मनात आला नाही. चोर घरातलाच असला की माणूस अंगणात शोधत बसतो.

त्या उन्हाळ्यात मेहताब पहिलटकरीण म्हणून माझ्याकडे आली. जावई लष्कराची लॉरी चालवायला गेलेला, त्याचा पत्ता कुणालाच नाही. बाजाराच्या दिवशी सकाळी ती मोकळी झाली. मुलगी झाली, मोठ्या आवाजाची. मी अल्लाचे आभार मानत होते तोवर दगडाबाईचा चेहरा बदलला. दगडाबाई आमच्या भागातली सुईण, अर्धं गाव तिच्या हातावर जन्मलेलं.

"अगं मुबारक, रगत थांबंना," ती मला म्हणाली. "पोट मळून मळून माजं हात भरून आलं."

"गाडी जुंपून दवाखान्यात न्यावी का?"

"वाटंतच जाईल ती. हलवू नगंस. दालचिनी हाय का घरात?"

मी डबा दिला. आठच दिवसांपूर्वी, बहीण म्हणून, फक्रुद्दीनच्या दुकानातून मागून आणलेली होती. दगडाबाईनं एक तुकडा मोडला, हुंगला, चावला आणि थुंकला.

"ही पेरूची साल हाय. वरून लवंगाचं तेल चोळलंय," ती म्हणाली. "तुज्या बापाची आन. पेटीतली."

मेहताबच्या ओठांचा रंग गेला होता. मी तिला सांगितलं, आलेच, आणि अनवाणीच दुकानाकडे धावले. दुकान म्हणजे माझ्या एका भिंतीपलीकडे, पण वळसा घालून बाजारातून जावं लागतं. बाजार भरलेला होता. मिरच्यांची पोती, कांद्याच्या राशी, बैलांची खरेदी, सगळं रोजच्यासारखं चाललेलं बघून मला त्या सगळ्यांचाच संताप आला.

घरात आम्ही दखनी बोलतो, पण भांडण मराठीतून करतो, कारण भांडण बाजाराला कळावं लागतं. मी फक्रुद्दीनच्या पायरीवर उभी राहून म्हणाले, "मेहताबचं रगत थांबत न्हाई. पेटी उघड."

तो गिऱ्हाइकाला हळद देत होता. त्यानं माझ्याकडे बघितलं आणि त्याचा चेहरा उतरला. भाचीसाठी उतरला असं मला वाटलं. "चांद्याकडं जा," तो म्हणाला. "त्यानं काढलं की मी काढतो."

मी पलीकडच्या पायरीवर गेले. चांदभाई म्हणाला, "आपा, पेटी आता कशाला? मी पलीकडनं कुटनं तरी चांगला माल मागवतो."

"कवा? तिला मूठमाती दिल्यावर?"

"आदी त्याला उघडू दे."

शलमोन मास्तर भला माणूस होता. मी नाही. मी दोन पायऱ्यांच्या मधे रस्त्यात उभी राहिले, पदर खोचला आणि आवाज चढवला.

"ऐका सगळी. इमामभाईची नात आत मरतीया आन् त्याचं दोन ल्योक आदी तू, आदी तू खेळत बसल्यात. ती मेली तर मयत हितंच आणून ठेवीन, पेटीवर. मग दोगांनी मिळून उचला."

बाजार थांबला. कोथिंबिरीच्या जुड्या टाकून राहीबाई माळीण उठली आणि माझ्याशेजारी येऊन उभी राहिली. "माज्या सुनंलाबी असंच रिकामं धाडलं हुतं," ती म्हणाली. तिच्यामागून आणखी बाया आल्या. कुणाची सून, कुणाची लेक, प्रत्येकीच्या घरची एक गोष्ट त्या पेटीपाशी अडलेली होती. पुरुषही गोळा झाले. नाक दाबल्याशिवाय तोंड उघडत नाही म्हणतात. माझ्या भावांचं नाक म्हणजे गिऱ्हाईक, आणि ते त्या दिवशी सगळं दारात उभं होतं.

दोघांनी किल्ल्या काढल्या. मी त्यांना घाई करत होते आणि ते दोघं गाढवासारखे पाय रोवत होते. फक्रुद्दीनचं कुलूप गंजलेलं, त्यात तेल घालावं लागलं. चांदभाईच्या कपाळावर घाम. मधल्या फळ्या खाचेतून काढल्या तेव्हा दोघं भाऊ कित्येक वर्षांनी समोरासमोर आले, आणि दोघांनीही नजर पेटीवर ठेवली. मी फक्रुद्दीनच्या बाजूनं आत शिरले होते. झाकण वर झालं.

पेटी काठोकाठ भरलेली होती. कांड्यांवर कांड्या, अब्बा रचत तशा रचलेल्या. त्या एका क्षणात मी दोघांनाही माफ केलं होतं, हे मी मुद्दाम सांगते, कारण त्यानंतर ते पुन्हा घडलेलं नाही.

"घे, आपा, घे," दोघंही एकदम म्हणाले आणि मला देण्यासाठी दोघांनीही पेटीत हात घातला.

फक्रुद्दीन त्याच्या टोकाला उभा होता. त्याच्यासमोर हाताला लागेल इतक्या जवळ दालचिनी होती. ती सोडून तो पोट पेटीवर टेकवून ओणवा झाला आणि त्यानं पार पलीकडे, चांदभाईच्या अर्ध्या भागात हात घातला. चांदभाई त्याच्या काखेखालून वाकला आणि त्यानं फक्रुद्दीनच्या अर्ध्या भागात घातला. दोघांची कोपरं एकमेकांवर आपटली. दोघं तसेच थांबले आणि एकमेकांकडे बघत राहिले.

समोरचं ताट सोडून शेजारच्याच्या ताटात हात कोण घालतं? आपल्या ताटात काय वाढलंय हे ज्याला ठाऊक असतं तो.

मला वास घ्यायचीही गरज नव्हती, तरी घेतला. फक्रुद्दीनच्या बाजूची कांडी मोडली. पेरूची साल, लवंगाचं तेल चोळलेली, माझ्या डब्यात होती तीच. चांदभाईच्या बाजूची मोडता मोडेना. ती बाभळीची साल होती, भिजवून, गुंडाळून, वाळवलेली. पेटीच्या बरोबर मध्यावर पेरू संपत होता आणि बाभूळ सुरू होत होती. पेटीची फक्रुद्दीनकडच्या टोकाची फळी मी पायानं ढकलली, ती पडली. खिळे कधीच निघालेले होते. पलीकडचीही तशीच निघाली. कुलपं तेवढी शाबूत.

"चोरा," फक्रुद्दीन चांदभाईला म्हणाला. "अब्बांच्या पेटीत बाभूळ भरलीस?"

"आन् तू पेरू. मला वाटलं, तुजा भाग तरी खरा आसंल."

"मलाबी तुजाच भरवसा हुता."

माझ्या भावांनी वाटणीनंतर एकमेकांवर टाकलेला हा पहिला आणि शेवटचा विश्वास.

"मी माजाच हिस्सा घेतला, आपा," चांदभाई मला म्हणाला. "त्याच्या हिश्श्याला हात लावला न्हाई."

"म्याबी न्हाई," फक्रुद्दीन म्हणाला.

दोघंही खरं बोलत होते, आणि त्या खरेपणाची मला शिसारी आली. बाळंतिणींच्या तोंडचं काढून बिर्याणीला विकताना दोघांनी हद्द मात्र पाळली होती.

मला थांबायला वेळ नव्हता. मी पेटीतली सालं ओंजळींनी काढून रस्त्यावर फेकली. तळाशी, फळ्यांच्या सांध्यांत, जुना भुरका चुरा बसलेला होता. तो मी नखांनी उकरून पदरात घेतला. मूठभरही नव्हता. मग मी म्हणाले, "पेटी माज्या घरी चालली."

"पेटी सामाईक हाय," दोघं म्हणाले. एवढं होऊनही म्हणाले.

"पेटी बाळंतिणीची हाय. बाळंतीण माज्या घरात हाय. आडवायचं आसंल तर आडवा."

अडवायला कुणी पुढे झालं नाही. राहीबाईनं एक टोक धरलं, बायांनी बाकीचं धरलं, आणि भिंतीतून दात उपटावा तशी पेटी बाहेर आली. आम्ही ती बाजारातून मिरवत नेली. लोक बाजूला होत होते.

घरी दगडाबाई मेहताबच्या पोटात मूठ रोवून बसली होती. तिनं चुरा हुंगला. "हीच ती. पर ही पुरायची न्हाई," ती म्हणाली. मग पेटीकडे बघून म्हणाली, "आतनं तासा. लाकूड पिऊन बसलं आसंल." कानिफनाथ बाजारात आलेलाच होता. त्यानं वाकस चालवून पेटीच्या तळाचा आतला पापुद्रा काढला. बायांनी चूल फुंकली. चुरा आणि त्या ढलप्या एकत्र उकळल्या तेव्हा पाण्याला रंग आला, आणि नंतर वास आला. अब्बा पेटी उघडायचे तेव्हा यायचा तो वास. मला तिथंच रडू कोसळलं. दगडाबाईनं दटावलं, "नंतर रड," आणि मी चमच्या चमच्यानं मेहताबच्या तोंडात काढा घालू लागले.

दुपारच्या नमाजाच्या सुमाराला रक्त कमी झालं, आणि पुढे थांबलं. काढ्यानं थांबलं, दगडाबाईच्या मुठीनं थांबलं, की वरच्याच्या मर्जीनं, मला सांगता येणार नाही. माझ्या भावांमुळे थांबलं नाही, एवढं छातीठोकपणे सांगते. मेहताब डोळे उघडून म्हणाली, "अम्मा, मुलगी रडतीया, बघ ना." त्या दिवसात मी ऐकलेलं तेवढंच एक चांगलं वाक्य.

दिवेलागणीला मागच्या दारात फक्रुद्दीन उभा. भाची वाचल्याचं त्याला कळलं होतं. त्यानं डोक्याची टोपी नीट केली, इकडेतिकडे बघितलं आणि सदऱ्यातून एक पुरचुंडी काढून माझ्या हातात दिली. मी सोडून बघितली. सिलोनची दालचिनी. पातळ, एकात एक गुंडाळलेली, अब्बांच्या पेटीतली.

"घरी थोडी ठेवली हुती," तो म्हणाला. "मेहताबला दे."

"सकाळी कुटं हुती ही?"

त्यानं पुन्हा टोपी नीट केली.

"मी पायरीवर उभी हुते तवा ही तुज्या घरात हुती?"

"आपा, सगळ्यांदेखत कशी काढणार?" तो हळूच म्हणाला. "लोकांनी काय म्हटलं आसतं?"

चोरी मी समजू शकत होते. माणूस लोभानं चोरी करतो, भुकेनं करतो. पण पोर आत रक्त जाऊन रिकामी होत होती, औषध याच्या घरात होतं, आणि हा पेरूच्या सालीवरचं कुलूप तेल घालून उघडत बसला होता. लोकांनी काय म्हटलं असतं म्हणून. मी पुरचुंडी ठेवून घेतली आणि दार लावलं. थोड्या वेळानं पुन्हा थाप पडली. चांदभाई, त्याच मागच्या दारानं, तशीच पुरचुंडी घेऊन. त्याला मी काही विचारलं नाही. उत्तर ऐकून झालं होतं.

दालचिनीवर माझा राग नाही. ती मी डब्यात घालून ठेवली आहे आणि गावात कळवलं आहे. परवा पाथरवटांच्या घरी बाळंतपण झालं, त्यांना चार कांड्या दिल्या. जात विचारली नाही.

पेटी मी फोडली. चाळीस दिवसांचा चिल्ला संपेपर्यंत मेहताबचं न्हाणीचं पाणी त्याच लाकडांवर तापवलं. रोज सकाळी आमच्या धुराड्यातून तो वास निघायचा आणि भिंत ओलांडून दुकानात जायचा. गिऱ्हाइकं म्हणायची, वा, आज खरा माल आलेला दिसतोय. माझे भाऊ खाली मान घालून पुड्या बांधायचे.

पेटी गेली तिथं भिंतीला जोत्यापासून छातीपर्यंत भगदाड पडलं आहे. ते बुजवायचं तर फळ्या कुणी आणायच्या, यावरून वाद आहे. आणणारा चोरी कबूल करणारा ठरेल असं दोघांनाही वाटतं. म्हणून ते उघडंच आहे, आणि दोघं भाऊ आपापल्या गादीवर बसून दिवसभर एकमेकांची तोंडं बघतात. त्यांना याहून वाईट शिक्षा काझीलाही सुचली नसती.

फक्रुद्दीनची सून आता दिवसांत आहे. परवा त्याची बायको मागच्या दारानं येऊन गेली, डबा अजून भरलेला आहे का, असं सहज विचारलं. मी सांगितलं, आहे. त्या डब्याला कुलूप नाही आणि किल्लीही नाही. ज्याला हवी त्यानं बाजाराच्या दिवशी पुढच्या दारानं यावं आणि मागावी. सगळ्यांदेखत.